कुणाची चिठ्ठी लागती का?

मलकापुरात ढेबेवाडी फाट्याजवळ एका दुकानात मी बसतो. बाहेर झेरॉक्सची पाटी, आत दोन कॉम्प्युटर, एक थम्ब मशीन आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकची खुर्ची. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कॉलेजचे फॉर्म, पॅन, आयुष्मान कार्ड, सगळं इथं होतं. कराड-मलकापूरला दवाखाने भरपूर. त्यामुळे पाटण, शिराळा, वाळवा, कडेगाव अशा चारी बाजूंनी माणसं पेशंट घेऊन येतात. पेशंट वॉर्डात असतो आणि सोबतचा माणूस कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर.

गेल्या पावसाळ्यात शिराळ्याकडचे एक काका आले. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती. आधार, रेशनकार्ड सगळं जुळलं, कार्ड निघालं, मी लॅमिनेट करून हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "आता कुणाची चिठ्ठी लागती का?"

"कसली चिठ्ठी, काका?"

"सायबाची. आमदाराची, न्हायतर कारखान्याच्या चेअरमनची."

"नाही लागत. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला हे दाखवा."

काका लगेच उठले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी काहीतरी विसरलोय आणि थोड्या वेळानं मला आठवेल, असं त्यांना वाटत असावं.

त्यांचा प्रश्न मला हसण्यासारखा वाटला नाही, कारण आमच्या घरात अशी एक चिठ्ठी आलेली आहे.

2009 साली माझ्या आजोबांना बायपास सांगितली. मी तेव्हा शाळेत होतो. सरकारची 'जीवनदायी' नावाची योजना त्या काळीही होती, पण ती दारिद्र्यरेषेखालच्या, म्हणजे पिवळ्या कार्डवाल्यांसाठी. आमचं कार्ड केशरी. दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यानं एक लाख ऐंशी हजारांचा अंदाज दिला. वडील आणि चुलते सकाळी सहाला एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर जाऊन बसले आणि साडेअकराला चिठ्ठी घेऊन बाहेर आले. चिठ्ठीनं बिल थोडं कमी झालं. उरलेल्यासाठी बावीस गुंठे रान विकलं. घेणारा गावातलाच होता आणि त्याला ऑपरेशनची तारीख माहीत होती. गरजवंताला अक्कल नसते असं म्हणतात. अक्कल असते, थांबायला वेळ नसतो.

आजोबा त्यानंतर सात वर्षं जगले. चिठ्ठी मात्र त्यांच्यापेक्षा जास्त जगली. प्रत्येक निवडणुकीत त्या पुढाऱ्याचा माणूस घरी यायचा, चहा घ्यायचा आणि "आबा कसे आहेत?" एवढंच विचारायचा. वडील काही न बोलता प्रचाराच्या जीपमध्ये जाऊन बसायचे. आमच्या घरातलं मत कुणाला जायचं, हे पुढची दहा वर्षं एका बायपासनं ठरवलं.

मग 2021 मध्ये माझ्या आत्याला अँजिओप्लास्टी करावी लागली. कार्ड तिचंही केशरीच. योजनेतून ऑपरेशन झालं, ती चौथ्या दिवशी घरी आली. रान विकलं नाही, कुणाच्या बंगल्यावर कुणी बसलं नाही. पुढच्या निवडणुकीत तिनं कुणाला मत दिलं, हे तिनं आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

आजोबा आणि आत्या यांच्यात जे घडलं, ते थोडक्यात असं. 2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, मूत्रपिंड बदलायचं असेल तर अडीच लाखापर्यंत कॅशलेस उपचार. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आपल्या कराडचेच, पण पहिल्या आठ जिल्ह्यांत सातारा नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर 2013 मध्ये आली. 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि एप्रिल 2020 पासून दोन्ही एकत्र चालायला लागल्या. जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवालेही आत आले आणि मर्यादा पाच लाख झाली. सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, नाव बदललं, तरी योजना वाढत गेली. महाराष्ट्रात हे फार कमी गोष्टींच्या बाबतीत घडतं.

आता प्रश्न असा, की वाढत गेलेली गोष्ट कमी करायला काय हरकत आहे? सरकारचा पैसा अमर्याद नाही. लाडकी बहीण आहे, वीजबिल आहे, रस्ते आहेत. कुठंतरी कात्री लागणारच. मग आरोग्याच्या योजनेलाच ती लावू नये, असं म्हणण्यात माझ्या आजोबांच्या बावीस गुंठ्यांपलीकडं काही कारण आहे का?

मला वाटतं, आहे. पण त्याआधी कपात म्हणजे काय, हे नीट बघायला हवं. "आजपासून गरिबांचे उपचार बंद" असा आदेश कोणतंही सरकार काढत नाही. कपात गुपचूप येते. मी तिचे तीन-चार प्रकार खुर्चीवर बसून बघितलेत.

पहिला प्रकार, आकडा तसाच ठेवायचा. रेशनकार्डांचे तीन रंग 1999 साली ठरले. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. 1999 मधला एक लाख आणि 2023 मधला एक लाख यांत किती फरक आहे, हे आईला विचारा. महिन्याला नऊ हजार पगार घेणारा वॉचमन कागदावर एक लाख आठ हजारांचा धनी होतो. नियमाप्रमाणे त्याचं कार्ड पांढरं, म्हणजे 2024 पर्यंत तो योजनेच्या बाहेर. त्याला कुणी काढलं नाही. आकडा जागेवर राहिला आणि महागाईनं त्याला उचलून बाहेर ठेवलं.

दुसरा प्रकार, दर वाढवायचे नाहीत किंवा वेळेवर द्यायचे नाहीत. प्रत्येक उपचाराचा दर सरकार ठरवतं. दर परवडेनासा झाला किंवा बिलं थकली, की दवाखाना "योजना बंद" असं म्हणत नाही. तो "बेड शिल्लक नाही" म्हणतो. ऑगस्ट 2025 मध्ये हरियाणातल्या खासगी दवाखान्यांनी थकबाकीच्या कारणावरून आयुष्मानची सेवा उघडपणे थांबवली, म्हणून त्याची बातमी तरी झाली. बेड शिल्लक नसण्याची बातमी होत नाही.

तिसरा प्रकार माझ्या टेबलावर घडतो. रेशनकार्डावर सुमन, आधारवर सुमनबाई. लग्नानंतर नाव चढवलेलं नाही. ऊसतोडीनं झिजलेला अंगठा मशीनवर उठत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मावशी आल्या होत्या, नावात असाच एका अक्षराचा फरक. शनिवारची संध्याकाळ होती. मी म्हणालो, आधी आधार दुरुस्त करा, सोमवारी या. त्या "बरं बाळा" म्हणाल्या आणि गेल्या. सोमवारी आल्या नाहीत, नंतरही नाही. मी नियमाप्रमाणेच वागलो होतो. पण फोन नंबर लिहून घेता आला असता, आरोग्यमित्राला एक फोन करता आला असता. दुकान बंद करायची घाई होती, म्हणून केलं नाही. सरकारी हिशेबात त्या मावशी वाचलेल्या पैशात धरल्या गेल्या असतील.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी योजना आहे. 2018 मध्ये तिथल्या आर्कान्सा राज्यानं अट घातली: महिन्याला ऐंशी तास काम केल्याची नोंद करा, नाहीतर विमा बंद. सुरुवातीला ही नोंद फक्त ऑनलाइन करायची होती आणि वेबसाइट रात्री बंद असायची. काही महिन्यांत अठरा हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना ही अट लागू होती त्यांतले बहुतेक जण आधीच काम करत होते किंवा सवलतीत बसत होते. रोजगार वाढला नाही. 2019 च्या मार्चमध्ये कोर्टानं ती अट थांबवली. तरीही जुलै 2025 मध्ये तशीच अट देशभर आणणारा कायदा झाला. आर्कान्सातले ते अठरा हजार आणि माझ्याकडच्या मावशी यांची गाठ कधी पडणार नाही, पण एका टेबलासमोर बसल्या तर त्यांना एकमेकांची अडचण लगेच कळेल.

मग या कपातीत नेमकं काय जातं? पैसा जातो, हे उघड आहे. पण मला त्याहून मोठी वाटणारी एक गोष्ट जाते, आणि ती समजायला मलकापूरचं पाणी उपयोगी पडतं.

चोवीस तास मीटरवर पाणी देणारं छोटं शहर म्हणून मलकापूरचं नाव राज्यभर झालं. बाहेरून लोक बघायला यायचे. ज्यांच्या गावाला दोन दिवसाआड पाणी येतं, त्यांच्या घरात बॅरल, पिंप, घागरी, कळशा सगळं भरलेलं असतं आणि नवीन पाणी आलं की शिळं ओतून देतात. नळ कधीही सोडला तरी पाणी येणार, अशी खात्री झाली की बॅरल हळूहळू माळ्यावर जातं. खात्रीमुळं माणूस वेगळा वागायला लागतो.

आजारपणाचंही तसंच आहे. दवाखान्याची खात्री नसलेलं घर कायम बॅरल भरून ठेवतं. सोनं मोडायचं नाही, म्हैस विकायची नाही, पोरीला पुण्याला शिकायला पाठवायचं नाही, कारण "उद्या काही झालं तर?" अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यात 2008 मध्ये मेडिकेडच्या जागा कमी आणि मागणारे जास्त म्हणून लॉटरी काढली. त्यामुळे विमा मिळालेले आणि न मिळालेले यांची नीट तुलना करता आली. दोनेक वर्षांत रक्तदाबात किंवा साखरेत फार फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण नैराश्य बरंच कमी झालं आणि घर बुडवणारी दवाखान्याची बिलं जवळजवळ संपली. म्हणजे आजारी पडायच्या आधीच विमा माणसाला काहीतरी देतो. योजनेवर कात्री चालते तेव्हा त्या वर्षी आजारी पडलेल्यांचंच नुकसान होत नाही. जे धडधाकट आहेत तेही माळ्यावरचं बॅरल पुन्हा खाली काढतात.

आणि खात्री गेली की चिठ्ठी परत येते. हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. ज्याच्या नावावर हक्क आहे, तो खिडकीपुढं उभा राहतो. ज्याचा हक्क गेला, तो कुणाच्यातरी बंगल्यापुढं उभा राहतो. आजच्या काळात बंगल्याऐवजी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड फिरतो, खाली पेशंटचा नळ्या लावलेला फोटो. तुम्हीही असे मेसेज पुढं पाठवले असतील, मीही पाठवलेत. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, यात शंका नाही. पण ज्याचा फोटो चांगला, ज्याचे मित्र जास्त, ज्याचं मूल गोंडस, त्याला पैसे मिळतात. साठीतल्या दारू सुटलेल्या ट्रक ड्रायव्हरसाठी कोण फॉरवर्ड करणार? मूत्रपिंड तर त्याचंही बंद पडतं.

माझा एक मित्र आहे, पुण्यात नोकरी करतो. तो म्हणतो, "आम्ही टॅक्स भरायचा आणि लोकांनी फुकट ऑपरेशनं करायची." मी त्याला म्हणतो, साबणावर आणि मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी सगळेच भरतात. आणि फुकट म्हणून हौसेनं कुणी छाती उघडून घेत नाही. शिवाय जुलै 2024 पासून तोही या योजनेत आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. मला हे महत्त्वाचं वाटतं. फक्त गरिबांसाठी असलेली गोष्ट बिघडली तर ओरडणाऱ्याचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. पांढरं कार्ड आत आल्यामुळं आता ओरडायला माझा मित्रही आहे.

दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. ऑगस्ट 2023 मध्ये कॅगचा आयुष्मानवरचा अहवाल आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरशी जोडलेले होते, सगळे नऊ-नऊ. मृत दाखवलेल्या पेशंटच्या नावानंही बिलं निघाली होती. हे गंभीर आहे आणि चोरी करणाऱ्याला पकडलंच पाहिजे. पण माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, समोर फोन नसलेली म्हातारी बसली असेल आणि नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नसेल, तर काहीतरी टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. खोटं बिल पेशंट लावत नाही, ते दवाखान्यातून लागतं. चोर एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असं करून पैसे वाचतील, न्याय होणार नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि तो आरोग्याच्या चळवळीत हयात घालवलेल्या लोकांचा आहे. ते म्हणतात, विम्याचा पैसा शेवटी बराचसा खासगी दवाखान्यांत जातो. तोच सरकारी दवाखान्यांत घाला, डॉक्टर भरा, औषधं द्या. शिवाय ही योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. साखरेची आणि बीपीची रोजची गोळी खिशातूनच घ्यावी लागते. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 पर्यंत तो 39.4 टक्क्यांवर आला. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात. हे सगळं मला मान्य आहे. सरकारी दवाखाना उत्तम झाला तर माझ्या दुकानातलं निम्मं काम संपेल आणि मला त्याचा आनंदच होईल.

फक्त क्रम महत्त्वाचा. हायवे सहापदरी करण्यासाठी इथले जुने उड्डाणपूल पाडले आणि नवा मोठा पूल उभा राहीपर्यंत सर्व्हिस रोडवर आपण काय भोगलं, हे कराड-मलकापुरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चांगलं काही व्हायचं असेल तर थोडं थांबावं लागतं, असं म्हणून आपण थांबलो. एसटी तासभर थांबू शकते. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसवर जाणारा माणूस नवा पूल होईपर्यंत थांबू शकत नाही. आधी सरकारी दवाखाना उभा करा, मग विमा आपोआप कमी लागेल. तो उभा नसताना विमा कमी करणं याला सुधारणा म्हणत नाहीत.

ज्यांचं नाव या योजनेला आहे, त्यांची एक गोष्ट मला सारखी आठवते. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातलं कटगुण. 1888 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तरी त्यांनी डाव्या हातानं लिहून 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' पुरं केलं. त्या काळात घरात पैशाची ओढाताण होती. तेव्हा मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं त्यांच्या अडचणीबद्दल पत्र लिहिलं. म्हणजे फुल्यांनासुद्धा आजारपणात चिठ्ठी लागली. मामा परमानंदांसारखा स्नेही आणि सयाजीरावांसारखा राजा होता, म्हणून ती लिहिता आली. पुढं 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यातच त्या गेल्या. त्यांनी कुणाची ओळख विचारून पेशंट उचलला नव्हता.

ज्यांना मामा परमानंद नाहीत, त्यांच्यासाठी काहीतरी असावं, एवढीच या योजनेमागची साधी कल्पना आहे. ती उपकार म्हणून चालवली तर चालवणाऱ्याची मर्जी फिरताच संपेल. आपण एकमेकांचं देणं लागतो म्हणून चालवली, तर तिच्यावर कात्री लावणाऱ्याला कारण द्यावं लागेल आणि ते कारण ज्याचा उपचार थांबणार आहे त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. मी त्या मावशींना माझं कारण आज सांगू शकलो नसतो.

आता मी शनिवारी संध्याकाळी कुणाचं नाव जुळलं नाही तर फोन नंबर लिहून घेतो. त्यासाठी एक वही केली आहे. त्यातल्या सगळ्यांचं काम होतं असं नाही.

तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल. वाचून झालं की घरी एक फोन करा. रेशनकार्डावर आणि आधारवर आजीचं नाव एकसारखं आहे का, तिचा अंगठा उठतो का, आयुष्मान कार्ड काढलंय का, एवढं विचारा. आजारपण आल्यावर या गोष्टी करायला वेळ नसतो. आणि उद्या योजनेतून एखादा उपचार गळाला, एखादा दवाखाना बाहेर पडला, तर ती छोटी बातमी वाचून पुढं सरकवू नका. विचारा, का?

शिराळ्याचे काका महिन्याभरानं पुन्हा आले होते, डिस्चार्जच्या कागदांची झेरॉक्स काढायला. बायको बाहेर रिक्षात बसली होती. पैसे देताना म्हणाले, "खरंच कुणी चिठ्ठी मागितली न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "पण ह्ये असंच राहील न्हवं?"

मी सुट्टे पैसे मोजत होतो. "राहायला पाहिजे," एवढंच म्हणालो.